पीआरपी इलाज: आपल्याच रक्ताने केस आणि चेहरा खरंच सुधारतो का? पैसे भरण्याआधी हे वाचा

डेंगीच्या साथींनी 'प्लेटलेट' हा शब्द आपल्या घराघरात पोहोचवला. कुणी दवाखान्यात भरती झालं की पहिला सवाल असतो, "प्लेटलेट किती आल्या?" आता तोच शब्द वेगळ्याच कारणाने कानावर येऊ लागलाय. मोबाइल उघडला की जाहिरात दिसते: आपल्याच रक्तातल्या प्लेटलेट टोचून घ्या, केस परत आणा, चेहरा तरुण करा. या इलाजाचं नाव पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. पुण्या-मुंबईच्या बड्या दवाखान्यांपुरती असलेली ही गोष्ट आता तालुक्याच्या गावी पोहोचली आहे, आणि इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कळससारख्या गावातही तिची चौकशी होऊ लागली आहे.

चौकशी करणारे कोण असतात? निकाहची बोलणी सुरू असलेला मुलगा, ज्याच्या कपाळावरचे केस मागे सरकलेत. बाळंतपणानंतर मूठ-मूठ केस जातात म्हणून रडकुंडीला आलेली सून. मुरुमांच्या खड्ड्यांमुळे फोटो काढू न देणारी कॉलेजची मुलगी. शाळेत शिकवतो म्हणून पालक आम्हाला विचारतात, "हे खरं आहे का? करावं का?" आम्ही डॉक्टर नाही. पण विज्ञान काय सांगतं आणि फसवणूक कुठे होते, हे वाचून, समजून घेऊन सोप्या भाषेत मांडणं हे आमचं काम आहे.

थोडक्यात सांगायचं तर हा इलाज थोतांड नाही, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा करामतीही नाही. केसाचं मूळ जिवंत असेल तिथेच त्याचा उपयोग. केस का गळतात ते न शोधता तो केला तर पैसे वाया. आणि चुकीच्या हातांनी केला तर केसांपेक्षा फार मोठी गोष्ट धोक्यात येते.

पीआरपी बनतं कसं?

आपल्या रक्तात दोन भाग असतात. निम्म्याहून थोडा जास्त भाग पिवळसर द्रव असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात. उरलेल्या भागात लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. शाळेच्या पुस्तकात यांनाच रक्तपट्टिका म्हटलंय. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. एक प्लेटलेट जेमतेम सात ते दहा दिवस जगते.

बोट कापलं की रक्त गोठवण्यासाठी याच प्लेटलेट धावून येतात. पण त्यांचं काम तेवढ्यावर संपत नाही. त्यांच्या आत बारीक पुड्या असतात. जखमेवर पोहोचल्यावर त्या पुड्या फुटतात आणि त्यातून 'ग्रोथ फॅक्टर' नावाची प्रथिनं बाहेर पडतात. ही प्रथिनं आजूबाजूच्या पेशींना जणू हुकूम देतात: नवीन पेशी बनवा, बारीक रक्तवाहिन्या वाढवा, जखम भरून काढा. पीआरपीमागची कल्पना एवढीच आहे. हा हुकूम केसांच्या मुळाशी किंवा चेहऱ्याच्या कातडीत नेऊन पोहोचवायचा.

त्यासाठी हातातून साधारण १५ ते २० मिलिलिटर रक्त काढतात, म्हणजे तीन-चार चमचे. ते न गोठावं म्हणून नळीत औषध असतं. मग नळी सेंट्रीफ्यूज या यंत्रात ठेवून जोरात फिरवतात. ताक घुसळल्यावर लोणी वेगळं होतं, तसं इथे वजनाप्रमाणे थर वेगळे होतात. लाल पेशी जड, त्या तळाला बसतात. वर पिवळा प्लाझ्मा राहतो आणि त्याच्या खालच्या भागात प्लेटलेट दाटून येतात. हा दाट भाग काढून घेतला की झालं पीआरपी. त्यात प्लेटलेटचं प्रमाण मूळ रक्ताच्या तीन ते पाच पट असावं, असं साधारण मानतात. हाती येतं ते फक्त काही मिलिलिटर.

केसांसाठी असेल तर डोक्याला बधिर करणारी क्रीम किंवा इंजेक्शन देऊन, बारीक सुईने थोड्या-थोड्या अंतरावर हे पीआरपी टोचतात. चेहऱ्यासाठी असेल तर सुईने टोचतात, किंवा बारीक सुयांच्या यंत्राने कातडीला सूक्ष्म छिद्रं पाडून वरून लावतात. सगळं मिळून तासाभराचं काम.

ही कल्पना आली कुठून?

केसांसाठी ही पद्धत निघालीच नव्हती. प्लेटलेट वेगळ्या काढून वापरणं आधी रक्तविकारांच्या इलाजात आणि हृदयाच्या शस्त्रक्रियांत सुरू झालं. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याचं हाड जोडताना पीआरपी वापरल्याचा अभ्यास छापला आणि दातांच्या, हाडांच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे गेलं. मग खेळाडूंच्या सांध्यांसाठी, न भरणाऱ्या जखमांसाठी त्याचा वापर होऊ लागला. केस आणि चेहरा हे त्यानंतर आले. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही तारकेने रक्ताने माखलेल्या चेहऱ्याचा फोटो टाकला आणि 'व्हँपायर फेशियल' या नावाने हा प्रकार जगभर गाजला. विज्ञान हळूहळू चाललं होतं, जाहिरात पळत सुटली.

एक गैरसमज इथेच दूर करू. पीआरपी म्हणजे 'स्टेम सेल' नाही. तसं सांगून कुणी जास्त पैसे मागत असेल तर सावध व्हा. आणि पीआरपी म्हणजे हिजामाही नाही. हिजामात रक्त बाहेर काढून टाकतात, इथे रक्ताचाच एक भाग परत शरीरात घालतात. सुई आणि साहित्याच्या स्वच्छतेचा नियम मात्र दोन्हीकडे एकच.

आधी शोधा: केस गळतात का?

हा या लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग आहे. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले दिवसाला ५० ते १०० गळणं नैसर्गिक आहे. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने विसावतो, मग गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. हा फेरा कुठे बिघडलाय त्यावर इलाज ठरतो.

टायफॉइड, डेंगी, कोविड असा मोठा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा जबर मानसिक धक्का यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस एकदम गळू लागतात. घरात घबराट होते. पण मुळं जिवंत असतात आणि कारण संपलं की बहुतेकांचे केस सहा महिने ते वर्षभरात आपोआप परत येतात. अशा वेळी पीआरपी केलं तर श्रेय त्याला मिळतं, काम मात्र निसर्गाने केलेलं असतं. बाळंतिणीच्या केसांसाठी हजारो रुपये भरण्याआधी हे ध्यानात ठेवा.

दुसरं कारण आपल्या घरांमध्ये फार जवळचं आहे. रक्तातलं लोह कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी आई, डाएटच्या नावाखाली चहा-बिस्किटावर राहणारी मुलगी, यांचे केस विरळ होणार नाहीत तर काय? थायरॉइडचा त्रास, पाळी अनियमित करणारा पीसीओडी, 'ड' जीवनसत्त्वाची आणि प्रथिनांची कमतरता, काही औषधं हीसुद्धा कारणं असतात. लोहाची कमतरता असलेल्या मुलीच्या डोक्यात तिचंच रक्त टोचून लोह वाढणार नाही. तिला आधी गोळ्या हव्यात आणि ताटात डाळ, पालेभाजी, अंडी, मटण किंवा कलेजी हवी.

पडद्यामुळे केस गळतात, असं मुलींना हिणवलं जातं. डोकं झाकल्याने केसांची मुळं मरत नाहीत. हां, केस ओले असताना घट्ट बांधून त्यावर स्कार्फ चढवला, रोज एकाच जागी ताणून अंबाडा घातला, तर कोंडा आणि ताणामुळे केस तुटतात. केस वाळवून, सैल बांधून झाकले की हा त्रास टळतो. ज्यांना ऊन मिळतच नाही त्यांनी 'ड' जीवनसत्त्व तपासून घ्यावं.

तिसरा प्रकार चाई. रुपयाएवढी गोल जागा एकदम चकचकीत होते. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच केसांच्या मुळांवर हल्ला करते. त्याचा इलाज वेगळा आहे आणि तो त्वचारोगतज्ज्ञाकडेच होतो. मुलांच्या डोक्यावर चट्टा पडून खाज आणि खपल्या येत असतील तर ते गजकर्णही असू शकतं, त्याला औषध लागतं.

चौथा आणि पुरुषांमध्ये सर्वात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे आनुवंशिक टक्कल. डीएचटी या संप्रेरकामुळे काही मुळं वर्षानुवर्षं आकसत जातात, केस बारीक होत जातो आणि शेवटी उगवतच नाही. पुरुषांच्या कपाळाचे कोपरे आणि टाळू रिकामी होते, बायकांचा भांग रुंद होतो. पीआरपीचा उपयोग मुख्यतः या प्रकारात सांगितला जातो.

कारण शोधणं का गरजेचं, याचं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडलं. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आजूबाजूच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी खाज, मग हात लावला की केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. दोनशेहून जास्त लोकांना त्रास झाला. 'टक्कल व्हायरस' म्हणून अफवा पसरली, मुलामुलींच्या सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. कुणी पाण्याला दोष दिला, कुणी शाम्पूला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक गावात आलं. विंचूदंशावरच्या कामासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हात व रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचं प्रमाण फार जास्त असल्याचं मांडलं. अनेकांचे केस पुढे काही आठवड्यांत परत येऊ लागले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात लोकांची नखं खराब होऊन गळाल्याच्याही तक्रारी आल्या. अशा माणसाला कुणी पीआरपी टोचलं असतं तर काय उपयोग झाला असता? दोष डोक्यात नव्हता, तो ताटाकडे शोधावा लागला.

मग पीआरपीने केस येतात की नाही?

आनुवंशिक टकलात सुरुवातीच्या टप्प्यावर असलेल्या लोकांवर बरेच छोटे-छोटे अभ्यास झाले आहेत. त्यातल्या अनेकांत पीआरपीनंतर केसांची दाटी आणि जाडी काही प्रमाणात वाढलेली दिसली. सगळ्यांना फायदा झाला असं मात्र नाही. अडचण अशी की प्रत्येक दवाखान्यात पीआरपी बनवण्याची पद्धत वेगळी, प्लेटलेटचं प्रमाण वेगळं, बैठका किती तेही वेगळं. त्यामुळे अमुक इतके टक्के केस येतीलच, अशी हमी कुणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केस वाढवण्यासाठी म्हणून पीआरपीला स्वतंत्र मंजुरी दिलेली नाही. तिथले डॉक्टर ते आपल्या जबाबदारीवर वापरतात.

तीन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. पहिली, जिथे वर्षानुवर्षं कातडी गुळगुळीत झाली आहे तिथे मुळंच उरलेली नसतात. तिथे पीआरपीने केस उगवत नाहीत. वाळलेल्या झाडाला कितीही खत घातलं तरी पालवी फुटत नाही. दुसरी, फायदा झाला तरी तो कायमचा नसतो. साधारण महिन्याच्या अंतराने तीन-चार बैठका, आणि मग सहा महिने ते वर्षभराने पुन्हा एक, असं चालू ठेवावं लागतं. तिसरी, परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात. पहिल्याच बैठकीनंतर फरक दाखवणारा फोटो बहुधा उजेडाची आणि कंगव्याची करामत असते.

आनुवंशिक टकलात बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ आधी औषधं सांगतात. मिनॉक्सिडिल डोक्याला लावायचं असतं. पहिल्या काही आठवड्यांत त्याने केस थोडे जास्त गळतात, घाबरून सोडू नका. चार-सहा महिन्यांनी परिणाम दिसतो आणि बंद केलं की तो जातो. फिनास्टेराइडची गोळी पुरुषांसाठी डॉक्टरच देतात. गरोदर किंवा गरोदर होऊ शकणाऱ्या बाईने ती घेऊ नये, कारण पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो. पीआरपी हा बहुतेक वेळा या औषधांच्या जोडीचा इलाज असतो, त्यांच्या जागेवरचा नाही. 'जीएफसी' नावाने मिळणारा प्रकारही आपल्याच रक्तातल्या ग्रोथ फॅक्टरचा आहे. नाव नवं म्हणून फायदा दुप्पट असं समजू नका.

चेहऱ्यासाठी काय?

इथे पुरावा आणखी कच्चा आहे. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी बारीक सुयांच्या इलाजासोबत पीआरपी लावल्यास काहींना जास्त फायदा झाल्याचं अभ्यासांत दिसतं. सुरकुत्या आणि 'तरुण चेहरा' याबद्दल मात्र २०१८ मध्ये छापून आलेला एक अमेरिकन अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात २७ जणांच्या एका गालावर पीआरपी आणि दुसऱ्या गालावर साधं मिठाचं पाणी टोचलं. सहा महिन्यांनी त्या लोकांना स्वतःला पीआरपीच्या बाजूची कातडी जास्त चांगली वाटली. पण कुठल्या गालावर काय टोचलंय हे माहीत नसलेल्या त्वचारोगतज्ज्ञांना दोन्ही गालांत ठळक फरक दिसला नाही. आरशात आपल्याला दिसतो तो फरक दुसऱ्याला दिसेलच असं नाही.

वांग आणि काळी वर्तुळं यावर आधी उन्हापासून बचाव, झोप, रक्ताची तपासणी आणि डॉक्टरने दिलेली क्रीम. आणि हो, पीआरपीने माणूस गोरा होत नाही. गोरेपणाच्या नादात काय होतं ते अकोल्याने पाहिलं. २०२३ च्या सुरुवातीला बातम्या आल्या की तिथल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची मूत्रपिंडं गोरेपणाच्या क्रीममुळे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा फार मोठ्या प्रमाणात सापडला. ती क्रीम घरी आली होती ओळखीच्या ब्युटिशियनकडून.

सर्वात मोठा धोका सुईचा

"स्वतःचंच रक्त आहे, मग धोका काय?" असा युक्तिवाद ऐकू येतो. त्यात अर्धं खरं आहे. स्वतःच्या रक्ताची ॲलर्जी सहसा होत नाही. एक-दोन दिवस दुखणं, सूज, डोकं जड होणं, चेहऱ्यावर लाली, एवढा त्रास बहुतेकांना होतो आणि जातो. पण रक्त तुमचं असलं तरी सुई, नळी आणि टेबल तुमचं नसतं.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातल्या अल्बुकर्की शहरात एका स्पामध्ये 'व्हँपायर फेशियल' करून घेतलेल्या बायकांना एचआयव्हीची लागण झाली. त्यांच्याकडे लागण होण्याचं दुसरं कारण सापडत नव्हतं. २०१८ मध्ये आरोग्य खात्याने तपासणी केली तेव्हा नाव न लिहिलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या, त्याही खाण्याच्या वस्तूंसोबत ठेवलेल्या. एकदाच वापरायचं साहित्य पुन्हा वापरल्याच्या खुणा दिसल्या. स्पाकडे परवानाही नव्हता. तो बंद झाला, मालकिणीला तुरुंगवास झाला, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने आपला अहवाल छापला. सौंदर्याच्या इंजेक्शनातून एचआयव्ही पसरल्याची ही पहिली नोंद मानली जाते. एचआयव्हीपेक्षा सहज पसरणारे हिपॅटायटिस बी आणि सी याच वाटेने येतात. गोष्ट अमेरिकेची आहे. पण सुई अल्बुकर्कीत असो की आपल्या तालुक्यात, विषाणूला फरक पडत नाही.

दुसरा धोका दुर्मिळ पण भयंकर आहे. कपाळावर, भुवयांमध्ये किंवा डोळ्यांभोवती टोचताना पीआरपी रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. म्हणूनच चेहऱ्याची रचना न शिकलेल्या माणसाने ही सुई हातात घेऊच नये.

केस प्रत्यारोपणासारख्या शस्त्रक्रियांबाबत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब पाहून हे शिकता येत नाही, प्रशिक्षित नोंदणीकृत डॉक्टरनेच ते करावं, असं त्यात बजावलं. ब्युटी पार्लर, सलून, जिम, घरी येऊन करणारा 'टेक्निशियन' यांच्याकडून रक्त काढून घेणं म्हणजे जिवाशी खेळ. जाहिरातींबद्दलही कायदा गप्प नाही. औषध नियम १९४५ च्या परिशिष्ट 'जे' मध्ये टकलाचं नाव आहे. टक्कल बरं करतो असा दावा औषधाच्या बाबतीत करता येत नाही. म्हणून 'शंभर टक्के हमी' हा शब्द वाचलात की तिथून उठून या.

कोणी करू नये?

रक्त गोठण्याचा विकार किंवा प्लेटलेट कमी असणारे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे, कॅन्सरचे रुग्ण, यकृताचा मोठा आजार असणारे, साखर काबूत नसणारे, डोक्यावर किंवा चेहऱ्यावर फोड-जंतुसंसर्ग असणारे आणि गरोदर बायका. आपला आजार आणि चालू गोळ्या डॉक्टरपासून लपवू नका. हृदयासाठी किंवा पक्षाघातानंतर ॲस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर केसांसाठी ती स्वतःच्या मर्जीने बंद करणं हा वेडेपणा आहे. शाळकरी मुलामुलींना तर या वाटेला नेऊच नका.

खर्चाचा हिशेब

दर दवाखान्यागणिक बदलतो, पण समजा एका बैठकीचे ५,००० रुपये. चार बैठकांचे २०,०००. पुढे दर सहा महिन्याला एक, म्हणजे वर्षाला आणखी १०,०००. तीन वर्षांचा हिशेब ४०-४५ हजारांवर जातो. त्यात बारामती किंवा पुण्याचं जाणं-येणं आणि बुडालेली मजुरी वेगळी. सौंदर्याच्या इलाजाला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. कुणाची ऐपत असेल आणि डॉक्टरने समजावून सांगितलं असेल तर करायला हरकत नाही. पण निकाहाआधी कर्ज काढून, किंवा बहिणीच्या शिक्षणाचे पैसे मोडून हे करू नये. सगळ्या बैठकांचे पैसे एकदम आगाऊ भरू नका.

वुजू, रोजा आणि जायझचा सवाल

हे सवाल आपल्या घरात येतातच. आम्ही मुफ्ती नाही, फतवा देणं आमचं काम नाही. साधारणपणे आलिम आजार किंवा ऐब दूर करण्यासाठीचा इलाज आणि निव्वळ हौसेने रूप बदलणं यात फरक करतात. आपला मामला कशात मोडतो ते आपल्या आलिमांना विचारा. वाहतं रक्त निघालं तर हनफी मसलकात वुजू जातो, शाफई मसलकात जात नाही, हे कोकणातल्या आणि देशावरच्या नातेवाइकांना माहीत असतंच. इंजेक्शनने रोजा तुटत नाही असं बहुतेक आलिम सांगतात. तरी रोज्यात रक्त काढल्याने चक्कर येऊ शकते आणि या इलाजाला घाई कसलीच नसते, म्हणून तो रमजाननंतर ठेवणं शहाणपणाचं. टोचल्यावर काही तास, कधी दिवसभर डोकं ओलं करू नका असं डॉक्टर सांगतात. तेव्हा मसह आणि गुस्लचं काय करायचं ते आधीच विचारून दिवस ठरवा. बायकांनी लेडी डॉक्टर मागावी, किंवा सोबत घरातली बाई असू द्यावी. हा तुमचा हक्क आहे, मागायला संकोच नको.

पैसे भरण्याआधी हे विचारा

१. करणारे डॉक्टर कोण? त्वचारोगातली पदवी आहे का? (एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल.) महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेत नोंदणी क्रमांक काय? परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं.

२. माझे केस कशामुळे गळतात? हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड या तपासण्या झाल्या का?

३. माझ्या केसांची मुळं जिवंत आहेत का? पीआरपीऐवजी औषधाने भागेल का?

४. सुई, सिरिंज, नळी माझ्यासमोर नव्या पाकिटातून काढाल का? नळीवर माझं नाव लिहाल का?

५. एकूण किती बैठका, एकूण किती पैसे, आणि फायदा नाही झाला तर कधी थांबायचं?

६. पावती आणि संमतीपत्र मला समजेल अशा भाषेत मिळेल का?

ज्या दवाखान्यात या सवालांचा राग येतो, तिथे इलाज करू नका.

पहिलं पाऊल मात्र स्वस्त आहे. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, बारामतीला २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात ससून आहे. केस आणि चेहऱ्यासाठी सरकारी दवाखान्यात जायला लाज कसली? त्वचारोग हाही रोगच आहे.

आणि एक गोष्ट पालकांसाठी. मुलाला टक्कल पडतंय किंवा मुलीचे केस विरळ आहेत म्हणून स्थळ नाकारणारे आपल्यातच आहेत. मुलं कर्ज काढून, लपूनछपून सुया टोचून घेतात ती याच भीतीपोटी. डोक्यावरचे केस पाहून जावई किंवा सून ठरवणं आपण सोडलं, तर यातले निम्मे पैसे तरी घरात राहतील. इलाज ज्याला हवा त्याने जरूर करावा, तपासून, विचारून, योग्य हातांनी. कुणाच्या टोमण्यामुळे मात्र करू नये.